शनिवार, दुपारी तीन

२०२५ चा ऑगस्ट संपत आला होता. संध्याकाळी मागच्या अंगणात टोमॅटोला पाणी घालत होते, तेवढ्यात कुंपणावरून फुटबॉल आला आणि बरोबर वाफ्यात पडला. आमच्याकडे हे नेहमीचंच. मग शेजारचा मुलगा फळीच्या खाचेत पाय अडकवून वर चढतो, आधी केस दिसतात, मग डोळे, आणि सॉरी म्हणत हात पुढे येतो. त्या दिवशी कुणी वर आलंच नाही. दुसऱ्या दिवशी तो रस्त्यात भेटला तेव्हा मी म्हटलं, अरे, तुझा बॉल पडलाय माझ्याकडे. तो म्हणाला, "राहू दे तुमच्याकडे. आता मला लागणार नाही." रुसून नाही, रडवेला होऊनही नाही. ठरलेली गोष्ट सांगावी तसं सांगितलं आणि आईच्या मागे दुकानाकडे निघून गेला. अकरा वर्षांचा मुलगा. पुढच्या आठवड्यात तो घरापासून दूरच्या एका निवासी बॅले शाळेत राहायला जाणार होता, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनी कौतुकही केलं होतं. मी बॉल धुऊन शेडमध्ये ठेवला आणि घरात आले, पण ते वाक्य काही केल्या जाईना.

बर्मिंगहॅमला आमच्या गल्लीत कोण कुठल्या टीमचं ते घरावरून कळतं. शेजाऱ्यांकडे सगळं ॲस्टन व्हिलाच्या रंगात, वाइनसारखा लाल आणि आकाशी. आजोबा लाँगब्रिजच्या मोटार कारखान्यात होते, २००५ मध्ये तो बंद पडेपर्यंत. त्यांच्या आयुष्यात दोन काळ: रॉटरडॅमच्या आधीचा आणि नंतरचा. २६ मे १९८२, युरोपियन कपची फायनल, समोर बायर्न म्युनिक. व्हिलाचा गोलकीपर जिमी रिमर दहा मिनिटांतच बाहेर आला, नायजेल स्पिंक नावाचा पोरगा आत गेला आणि अख्खी मॅच उभा राहिला, ६७ व्या मिनिटाला पीटर विदने गोल मारला. हे मला तोंडपाठ आहे, कारण कुंपणाच्या या बाजूला उभी राहून मी ते कितीदा तरी ऐकलंय, आणि दरवेळी विदच्या त्या गोलपाशी आजोबांचा आवाज थोडा वर जातो. नातवाला चालता येऊ लागल्यापासून त्यांनी त्याला व्हिला पार्कला नेलं. दोघांच्या शेजारशेजारच्या दोन सीट, होल्ट एंडला, गोलच्या मागे.

बॅले आलं ते शाळेतून. बर्मिंगहॅम रॉयल बॅलेचा डान्स ट्रॅक नावाचा उपक्रम आहे. कंपनीची माणसं शहरातल्या प्राथमिक शाळांमध्ये जातात, वर्गात मुलांना उड्या मारायला लावतात, बसवतात, हातपाय हलवायला लावतात, आणि ज्यांच्यात काही दिसतं त्यांना पुढे शिकायला बोलावतात. घरी नृत्याचा गंध नसलेल्या मुलांपर्यंत पोचायची ही वाट. हा तिथे सापडला. उडी उंच होती म्हणून असेल असं त्याच्या आईला वाटायचं. मला विचाराल तर पाऊल. मी फिजिओथेरपिस्ट आहे, माणसांच्या आधी मला त्यांचे पाय दिसतात. त्याच्या पावलाची कमान उंच आहे आणि मांडी खुब्यापासून बाहेर वळते तेव्हा गुडघा आणि अंगठा एका रेषेत राहतात, मध्येच कुठे पीळ पडत नाही. ही देणगी असते. सरावाने ती वाढवता येते, नसलेली आणता येत नाही.

हा मुलगा मॅच कशी बघतो ते एकदा पाहण्यासारखं आहे. एक हात सोफ्याच्या पाठीवर, टाचा जुळलेल्या, चवडे दोन दिशांना. डोळे टीव्हीवर आणि एक पाय आपोआप जमिनीवरून घासत पुढे जातो, आधी टाच सुटते, मग चवडा, शेवटी फक्त बोटांची टोकं टेकलेली. तसाच परत येतो. पुढे, बाजूला, मागे. याला तांद्यू म्हणतात. बॅलेचा विद्यार्थी पहिल्या दिवशी शिकतो आणि शेवटच्या दिवसापर्यंत करतो. समोर रेफरीने पेनल्टी नाकारली की पाय जागच्या जागी थांबतो, तोंडातून एक वाईट शब्द येतो, स्वयंपाकघरातून आई ओरडते आणि पाय पुन्हा सुरू. २ ऑक्टोबर २०२४ ला, बेचाळीस वर्षांनी, व्हिलाने बायर्नला पुन्हा १-० ने हरवलं. व्हिलाच्या जॉन दुरानने लांबूनच मारलेला बॉल पुढे आलेल्या गोलकीपर नॉयरच्या डोक्यावरून आत गेला. बुधवारची रात्र होती, आजोबा आणि नातू दोघेही मैदानावर होते. दुसऱ्या दिवशी आजोबा मला बॉल कसा गेला ते हवेत हाताने काढून दाखवत होते. नातू म्हणाला, बॉल नाही, त्याचा दुसरा पाय बघायचा. ज्या पायावर तो उभा होता तो. आणि ओट्याला हात लावून त्याने उजव्या पायावर तोल घेऊन दाखवला: गुडघा किंचित वाकलेला, कंबर सरळ, खांदे सैल. मी तर बघतच राहिले. बॅलेच्या वर्गात शिक्षक दिवसभर याच पायाबद्दल बोलत असतात, उचललेल्या पायाकडे बघतात ते फक्त प्रेक्षक.

म्हणूनच ते वाक्य मला खुपलं. या मुलाच्या अंगात दोन्ही गोष्टी अशा एकमेकींत मिसळल्या होत्या की कुठली कुठे संपते ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग बॉल 'लागणार नाही' का?

उत्तर खरं तर मला ठाऊक होतं, कारण ते माझ्याच हाताखालून गेलं होतं. त्याआधीच्या हिवाळ्यात, बॅले शाळेच्या शेवटच्या निवड चाचणीच्या थोडं आधी, पार्कमध्ये खेळताना त्याचा घोटा मुरगळला. आई त्याला उचलूनच घेऊन आली. पायाला फ्रीजमधली वाटाण्याची पिशवी बांधलेली. बाहेरच्या बाजूला सूज, त्वचा ताणून चमकत होती. अशा वेळी आम्ही घोट्याच्या हाडाची मागची कडा आणि टोक अंगठ्याने दाबत जातो. हाडावर दुखलं तर एक्स-रे, पुढच्या मऊ भागात दुखलं तर बहुधा स्नायुबंध ताणलाय. मग चार पावलं चालायला लावतो. मी दाबत होते आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मुलं अशा वेळी विचारतात, दुखेल का. याने विचारलं, किती आठवडे? हाडाला काही झालं नव्हतं. वेळेत बरा झाला, चाचणीही झाली, निवडही झाली. पण त्यानंतर पार्कमध्ये तो मुलांबरोबर धावायचा तेव्हा समोरून कुणी बॉलवर आलं की किंचित बाजूला व्हायचा. आधी घुसायचा. खेळू नको असं त्याला कुणी म्हणाल्याचं मला माहीत नाही. मी तर नाहीच, त्याची आईही नाही. त्याचं त्यानेच ठरवलं, एकट्याने, कुणाला न विचारता.

आमच्या आत्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. आत्या कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली, वय पंच्याहत्तरच्या पुढे, आणि फुटबॉलचं वेड असं की वर्ल्डकपमध्ये रात्ररात्र जागते. ती म्हणाली, "काय गं, गोरी माणसं असली म्हणून काय झालं, चांगल्या खेळणाऱ्या पोराला नाच्या करणार व्हय?" मला राग आला नाही. त्या वाक्यामागे कोल्हापूरचा इतिहास आहे. गणपत पाटील आमच्याच गावचे. पडद्यावर त्यांनी नाच्या असा उभा केला की महाराष्ट्राने तो डोक्यावर घेतला, आणि त्याच महाराष्ट्राने त्या घरंदाज, बायकामुलांच्या माणसाला रस्त्यात, लग्नात, जिथे दिसेल तिथे त्याबद्दल बोचकारलं. तालमीत घुमणारा पुरुष आणि बोर्डावर नाचणारा पुरुष यांच्यात आपण किती जाड भिंत बांधली, आणि ती बांधणाऱ्यांनीच तिकीट काढून नाच बघितला. आत्या त्या भिंतीच्या सावलीत वाढली. तिचं ते विचारणं काळजीचं होतं, पोराला पुढे लोक काय काय ऐकवतील याची.

इथले लोकही तेच विचारतात, फक्त गुळगुळीत शब्दांत. हॉस्पिटलमध्ये माझ्याबरोबर काम करणाऱ्यांनी विचारलं: मुलं चिडवत असतील ना त्याला? आजोबांना पटलं का? चिडवलं, थोडं. त्यावर त्यांच्या घरात एक ठरलेलं उत्तर आहे: रिओ फर्डिनंड. इंग्लंडचा, मँचेस्टर युनायटेडचा माजी सेंटर बॅक, म्हणजे बचावपटू. अकराव्या वर्षी त्याला लंडनच्या सेंट्रल स्कूल ऑफ बॅलेची स्कॉलरशिप मिळाली होती आणि पेकहॅमहून तो शिकायला जायचा. चिडवणारी मुलं यावर गप्प होतात. मुंबईच्या दोन मुलांच्या बातम्या आल्या होत्या तेव्हाही आपल्याकडे असंच झालं. अमिरुद्दीन शाह आणि मनीष चौहान. यहूदा माओर नावाच्या शिक्षकाने दोघांना घडवलं, अमिरुद्दीन २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलपर्यंत पोचला. बातमीचा मथळा काय, तर वेल्डरचा मुलगा, टॅक्सीवाल्याचा मुलगा. गरिबी, लाज आणि मग टाळ्या. ती दोघं शनिवार-रविवार काय करायची आणि ते सुटलं तेव्हा काय वाटलं, हे वाचल्याचं मला आठवत नाही. लाजेची गोष्ट सांगायला सोपी असते, कारण तिच्यात शेवटी कुणाचा तरी पराभव होतो. आमच्या शेजारच्या घरात लाज फार नव्हती. आजोबांनी नातवाला पहिल्यांदा स्टेजवर पाहिलं, मधल्या सुट्टीत चॉकलेट आइस्क्रीम घेतलं आणि म्हणाले, त्या उंच पोराची उडी बघितलीस, हेडरला काय कामी येईल. त्यांना अवघड गेला तो शनिवार.

शनिवार, दुपारी तीन. इंग्लंडमध्ये फुटबॉलची वेळ म्हणजे हीच. त्या वेळेच्या मॅचेस इथे टीव्हीवर दाखवत नाहीत. पावणेतीन ते सव्वापाच प्रक्षेपणच बंद, का तर लोकांनी घरी न बसता आपापल्या गावच्या मैदानावर जावं. आणि बॅले शाळांचे बाहेरच्या मुलांसाठीचे वर्ग कधी, तर शनिवारी, कारण बाकीचे दिवस मुलांची शाळा. मुलगा आठ वर्षांचा झाला आणि हे वर्ग सुरू झाले, एजबॅस्टनच्या बाजूला, जिथलं क्रिकेटचं मैदान आपल्याला माहीत असतं. वर्ग सुटला की आई त्याला गाडीत घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला व्हिला पार्ककडे धावायची. तो मागच्या सीटवर बॅलेच्या घट्ट विजारीवरच ट्रॅकसूट चढवायचा, रेडिओवर मॅच सुरू झालेली असायची. ट्रॅफिक लागला की पहिला हाफ गाडीतच संपायचा. कधी पोचायचे, कधी नाही. आजोबा मात्र वेळेवर. शेजारच्या सीटवर जॅकेट ठेवायचे आणि कुणी विचारलं तर सांगायचे, येतोय तो. तीन वर्षं त्यांनी हे केलं. कधी तक्रार केली नाही, निदान माझ्यासमोर नाही. फक्त एकदा, कुंपणापाशी, म्हणाले की गोल झाला की आधी उजवीकडे वळायची सवय आहे, ती जात नाही.

मला ते ऐकून गलबलून आलं, आणि का ते त्यांना सांगता आलं नाही.

कोल्हापूरला माझीही एक जागा होती. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर, बाबांच्या डाव्या हाताला. जे कोल्हापूरचे आहेत त्यांना सांगायला नको: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण, प्रॅक्टिस क्लब, बालगोपाल, तालमी-मंडळांच्या टीम आणि पेठापेठांची भांडणं. हिवाळा लागला की सीझन सुरू. उन्हाने तापलेली पायरी, बाबांच्या सदऱ्याला तंबाखूचा वास, कागदाच्या पुडीतले खारे दाणे, खाली लाल मातीचा धुरळा आणि हलगी अशी वाजायची की छातीत घुमायची. बाबा शिवाजी पेठेचे. पाटाकडीलशी मॅच असली की दोन दिवस आधीपासून घरात कमी बोलायचे. मी ऑफसाइड तिथे शिकले, शिव्याही तिथेच. मग एका वर्षी, सीझनची पहिली मॅच होती, मी चपला घालून दारात उभी, आणि आई म्हणाली, आता मोठी झालीस. बाबांनी खाली बघितलं आणि एकटे गेले. त्यावर घरात कधी बोलणं झालं नाही. कोणी वाईट वागलं असंही नाही. त्या काळी त्या गॅलरीत बायका जवळपास नसायच्याच. पण मॅचच्या दिवशी आमच्या गच्चीवर हलगी ऐकू यायची आणि आरडाओरड्यावरून मी गोल कुणाचा ते ओळखायचे. बाबा घरी आले की मी बरोबर सांगितलेला स्कोअर ऐकून हसायचे आणि मग पुढचं सगळं मला मिनिटामिनिटाने सांगायचे. माझी जागा माझ्याकडून काढून घेतली गेली. शेजारच्या मुलाने आपली जागा आपण होऊन सोडली, त्याला त्याहून जास्त हवं असलेलं काही मिळालं म्हणून. त्या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे हे मला कळतं. शेजारची रिकामी जागा मात्र दोन्हीकडे तशीच.

याच शहरात एक माणूस काम करतो, ज्याची आठवण मला या सगळ्यात सारखी येत राहिली. कार्लोस अकोस्टा. २०२० च्या जानेवारीपासून तो बर्मिंगहॅम रॉयल बॅलेचा डायरेक्टर आहे. जन्म १९७३ चा, हवानाच्या लॉस पिनोस वस्तीतला, अकरा भावंडांत शेंडेफळ. त्याला पेले व्हायचं होतं. गल्लीत फुटबॉल आणि ब्रेकडान्स, दिवसभर तेच. वडील पेद्रो ट्रक चालवायचे. पोरगा वाया जाईल म्हणून त्यांनी त्याला धरून बॅले शाळेत घातलं. आपण ऐकतो त्या गोष्टीच्या नेमकं उलटं: इथे बाप म्हणतो नाच, आणि पोरगा म्हणतो मला खेळायचंय. तो वर्ग बुडवून फुटबॉल खेळायचा. इतका की हवानाच्या शाळेने त्याला काढून टाकलं आणि मग पिनार देल रिओला, घरापासून दूर, निवासी शाळेत राहायची वेळ आली. बापाचा हात फार जड होता हे त्याने स्वतः सांगितलंय. तेराव्या वर्षी त्याने क्यूबाच्या राष्ट्रीय बॅलेचा प्रयोग पाहिला, एका नर्तकाला हवेत लटकल्यासारखा थांबलेला पाहिला, आणि त्याच्या आत काहीतरी फिरलं. १९९० ला लोझानच्या बॅले स्पर्धेत सुवर्णपदक, अठराव्या वर्षी लंडनला इंग्लिश नॅशनल बॅले, तिथे घोट्याचं ऑपरेशन, पुढे ह्यूस्टन, १९९८ पासून रॉयल बॅले. ज्यांनी त्याला उडी मारताना पाहिलंय ते अजून त्याबद्दल हळू आवाजात बोलतात.

या गोष्टीचं काय करायचं ते मला आजही कळत नाही. पेद्रोने हट्ट सोडला असता तर जगाला अकोस्टा मिळाला नसता, हे खरं. दहा वर्षांच्या पोराला मारून, घरापासून तोडून, त्याच्या पायातला बॉल काढून घेणं मला मान्य नाही, हेही तितकंच खरं. यशाने मागचं सगळं धुऊन निघतं असं मी मानत नाही. मी रोज शरीरांबरोबर काम करते, शरीर काहीच विसरत नाही. जुनी दुखापत चालण्यात राहते, माणसाला स्वतःला कळत नसलं तरी. पण मग इथल्या हिप्पोड्रोम थिएटरला त्याच्या कंपनीचे नर्तक रांगेने हवेत उठतात, आणि मी अंधारात बसून त्या ट्रकवाल्याचे आभार मानते, आणि लगेच मला स्वतःचाच राग येतो. हे दोन्ही एकाच संध्याकाळी होतं. शेजारच्या मुलाच्या बाबतीत मला एवढंच बरं वाटतं की त्याच्या पायातला बॉल दुसऱ्या कुणी काढला नाही.

फुटबॉलवर जीव असलेला एक माणूस संगीताच्या दुनियेत फार मोठा होऊन गेला, त्याचाही विषय निघाला म्हणून सांगते. रशियन संगीतकार शोस्ताकोविच लेनिनग्राडच्या झेनित क्लबचा भक्त होता. मॅचेसचे स्कोअर वहीत नीट लिहून ठेवायचा. त्याने आपल्या पहिल्या बॅलेत, १९३० साली, सोव्हिएत फुटबॉल टीमच नायक केली: टीम परदेशी शहरात जाते आणि तिथे काय काय घडतं त्याची गोष्ट. तरुण गालिना उलानोवा त्यात नाचली होती. फार दिवस तो चालला नाही. पुढे १९८२ मध्ये मॉस्कोच्या बोल्शॉयने तो नव्याने बसवला तेव्हा गोष्ट बदलली आणि फुटबॉलच काढून टाकला. व्हिलाने रॉटरडॅमला कप उचलला ते हेच वर्ष. मी हे आजोबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, मूर्ख लोक.

त्यांची खरी भीती वेगळीच होती, ती त्यांनी मला एका संध्याकाळी सांगितली. फीचा प्रश्न नव्हता, सरकारच्या म्युझिक अँड डान्स स्कीममुळे तो बराच सुटला. भीती होती परत पाठवण्याची. अशा शाळांमध्ये मुलांचं मूल्यमापन होत राहतं. अंगाची वाढ वेगळी झाली, खुबा साथ देईना, दुखापत झाली, तर चौदाव्या-सोळाव्या वर्षी पोरगं घरी येऊ शकतं. फुटबॉल क्लबांच्या अकॅडमीतही तेच चालतं, नऊ वर्षांखालच्या मुलांपासून निवड आणि पुढे गाळणी. आजोबांच्या ओळखीतली पोरं तशी परत आली होती, म्हणून त्यांना ते माहीत होतं. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव लहान वयात घर सोडून पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये देशाकडून खेळला. त्याचं नाव गावाला ठाऊक आहे. त्याच्यासारखीच बॅग भरून गेलेली आणि परत आलेली बाकीची मुलं कुठे असतील? आजोबांना मी खोटा धीर दिला नाही. पाय चांगले आहेत एवढं सांगितलं, ते माझ्या धंद्यातलं होतं. ते म्हणाले, सगळं सोडून जायचं आणि तेही मिळायचं नाही, असं झालं तर?

मला उत्तर सुचलं नाही. दोघांनीही चहा संपवला.

सप्टेंबरमध्ये तो गेला. आणि त्याच सीझनला व्हिला युरोपा लीगमध्ये, म्हणजे गुरुवारी युरोपातल्या मॅचेस आणि त्यामुळे लीगच्या बऱ्याच मॅचेस रविवारी ढकललेल्या. इतकी वर्षं शनिवार आडवा आला, आणि पोरगा गेल्यावर मॅचेस रविवारी! आजोबांनी हे मला कुंपणावरून अशा काही सुरात सांगितलं की त्यात लीगचं वेळापत्रक ठरवणाऱ्यांचा सात पिढ्यांचा उद्धार होता. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, येणार का? सीट रिकामी आहे. तुला ऑफसाइड कळतं.

२८ सप्टेंबरला, रविवारी, फुलहॅमविरुद्ध मी गेले. विटन स्टेशनपासून माणसांचा लोंढा, परतलेल्या कांद्याचा वास, बॉव्हरिलचे, म्हणजे मांसाच्या अर्काच्या पेयाचे, वाफाळते पेले, विटांची जुनी भिंत, आणि मग जिना चढून वर आलं की एकदम ते हिरवं. कोल्हापूरला लाल होतं. त्या सीझनला लीगमध्ये व्हिलाचा तोवर एकही विजय नव्हता आणि सुरुवातीलाच फुलहॅमने गोल केला. आमच्या आजूबाजूला असं बोललं जाऊ लागलं की आत्याने खूश होऊन वहीत लिहून घेतलं असतं. मग आमच्या वॉटकिन्सने बरोबरी केली. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला मॅकगिन, आणि पाठोपाठ बुएंदिया. तिसऱ्या गोलला आजोबा उजवीकडे वळले. मी होते. त्यांनी मला खांद्याला धरून असं हलवलं की माझा चष्मा पडला, मागच्या रांगेतल्या माणसाने तो उचलून दिला. ३-१. चाळीस वर्षांपूर्वी दारात चपला घालून उभी राहिलेली मुलगी त्या दिवशी घसा बसेपर्यंत ओरडली.

बाहेर पडल्यावर आजोबांनी फोन काढला आणि नातवाला मॅच सांगायला सुरुवात केली, रेकॉर्ड करून, पहिल्या मिनिटापासून, एकही गोष्ट न गाळता. स्टेशनच्या रांगेत आम्ही पाऊणएक तास उभे होतो, तेवढा वेळ ते बोलत होते. मध्ये मध्ये मला विचारायचे, त्या वेळी पास कुणी दिला, आणि मी सांगायचे. रात्री त्याचं उत्तर आलं. सगळं ऐकलंय. वॉटकिन्सने मारताना कुठल्या पायावर वजन होतं ते सांगितलं नाहीत म्हणाला. आणि मला वेगळा निरोप: ती सीट थोडी डावीकडे कलते, म्हणून पाठीला स्वेटर लावायचा.

२६ ऑक्टोबरला मँचेस्टर सिटी इथे येणार होती, आणि त्या वेळी त्याला सुट्टी होती. त्या दिवशी सीट त्याची, हे बोलायचीसुद्धा गरज पडली नाही. मॅच टीव्हीवर होती. मी घरी बघणार होते, आणि कोल्हापूरला आत्याला व्हिडिओ कॉल लावून फोन टीव्हीसमोर उभा करणार होते. तिला सिटीचा हालांड बघायचा होता, आणि तो पोरगा गॅलरीत दिसतो का, तेही.